अकरा दिवस दाबून ठेवलेलं पाकीट

नवख्या पोस्टमनला पत्ता वाचता येतो की नाही, हे पहिल्याच महिन्यात कळतं. पाकीट वाचता यायला मात्र दहा वर्षं लागतात. न फोडता, बरं का. लग्नपत्रिका हाताला लागताच कळते, मुलाखतीचं बोलावणं घडीवरून कळतं, कोर्टाचा कागद तर थैलीतून काढण्याआधीच कळतो. आणि ज्याला प्लास्टिकची खिडकी असते ते पाकीट म्हणजे बिल, बँक नाहीतर विमा. खिडकीच्या पाकिटातून कुणाच्या मामाची खुशाली आल्याचं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही.

शिरपूर जैनला असताना एक म्हातारी बाई असलं पाकीट हातातच घ्यायची नाही. म्हणायची, "खिडकी ठेवली म्हंजे आतलं दिसलं पाह्यजे. याच्यातून तं मले माहंच नाव दिसून राह्यलं." मी हसायचो. आता वाटतं, तिचं म्हणणं मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी आधी नोकरी कशी लागली, बदल्या कुठे झाल्या ते लिहायला घेतलं. दोन पानांनी मलाच झोप आली. सायकलवर सुरुवात केली, मोटारसायकलवर संपवली आणि पेट्रोल बरेचदा पदरचं घातलं, एवढ्यात ती कहाणी संपते. सांगण्यासारखं आहे ते एका पाकिटाचं. ज्या पोस्टात हे घडलं त्याचं नाव सांगणार नाही. शेलूबाजारहून जीपनं अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे. चूक माझी होती, गावाची नव्हती.

आमच्याकडे पोस्टमननं पत्र दिलं की काम संपत नाही. पाणी पुढे येतं, खाट सरकवली जाते आणि पत्र पुन्हा आपल्याच हातात येतं. वाचा म्हणतात. शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, कारण पोस्टमननं वाचून दाखवलं की पत्र पक्कं झालं असं त्यांना वाटतं. दुसरी गोष्ट, जे पोस्टातून आलं ते सरकारी. खाकी कपड्यातला माणूस सही घेऊन देतो ते खोटं कसं असेल? कंपन्यांना हे आमच्यापेक्षा आधी कळलं असावं.

आता त्या पाकिटात काय असायचं ते सांगतो. समजा तुमच्याकडे एका बँकेचं क्रेडिट कार्ड आहे, त्यावर पैसे थकले आहेत आणि महिन्याला भरमसाठ व्याज लागतं आहे. दुसरी बँक पत्र पाठवते: तुमची ती थकबाकी आमच्या कार्डावर आणा, आम्ही ठराविक महिने व्याज घेणार नाही. वर मोठ्या अक्षरांत शून्य, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत अटी. आणि सगळ्यांत वर एक ओळ, 'ही सवलत खास निवडक ग्राहकांसाठी'. एकेका सकाळी माझ्या थैलीत अशी सात निवडक पाकिटं असायची. पण कुणाला काय आलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून प्रत्येक दारात माणूस खूश व्हायचा आणि मी मान हलवायचो.

असं पहिलं पाकीट मी वानखडे गुरुजींना दिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माझ्या दोन भावांना शिकवलेले. चष्मा सापडेना म्हणून मलाच वाचायला सांगितलं. मी मोठी अक्षरं वाचली. शून्य व्याज, सहा महिने. चहा प्यालो. लहान अक्षरं वाचायला घेतली असती तर पुढच्या वस्तीला उशीर झाला असता, आणि खरं सांगायचं तर मलाही ती कळली नसती. गुरुजींनी सही केली. थकबाकी इकडून तिकडे गेली, जुनं कार्ड रिकामं झालं. रिकामं कार्ड पाहून घरात फ्रीज आला, मग टीव्ही. दुसरा हप्ता चार दिवस उशिरा भरला आणि सवलत तिथेच बंद झाली. वर्षाच्या आत दोन कार्डं झाली, दोन्हींवर व्याज. शेवटी गुरुजींनी गावातला प्लॉट विकला आणि मुलाकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "तुमचा काय दोष, तुमी तं फक्त आनून देलं." त्या दिवशी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सुजाताच्या नावाचं तसंच पाकीट आलं तेव्हा माझा हात थांबला.

सुजाता तायडे आमच्या उपकेंद्राची नर्स. कंत्राटी. गावं तिला शिस्टर म्हणतात. पाच गावं तिच्याकडे. खांद्याला लशीचा निळा डबा, पायाशी वजनकाटा, आणि सगळं एका करड्या स्कूटीवर. नवरा अकोल्याला गोदामात कामाला, आठवड्यानं येतो. त्याच्या दीड वर्ष आधी तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात तिनं साठ हजार कार्डावर भरले. आई उठली, चालायला लागली. कार्ड मात्र उठेना. दर महिन्याला बिलावर छापलेली 'किमान रक्कम' ती इमानेइतबारे भरायची. दीड वर्षात जवळजवळ पन्नास हजार भरून झाले आणि साठाचे एक्कावन्न उरले. हे मला माहीत होतं, कारण ती बिलं मीच देत होतो आणि तिचा चेहरा पाहत होतो.

सकाळी टपालाच्या छाटणीला बसलो आणि ते पाकीट हाती आलं. डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या बँकेचं चिन्ह. मला गुरुजींचा प्लॉट आठवला. म्हटलं, या पोरीच्या गळ्यात मी हे घालणार नाही. पाकीट थैलीच्या अस्तरामागे सरकवलं आणि चेन लावली.

बाहेरच्या माणसाला हे एवढं मोठं वाटणार नाही. पण पोस्टमननं पत्र दाबून ठेवणं म्हणजे काय, ते आमच्यातल्याला विचारा. पाकीट फाटलं, भिजलं, चुकीच्या दारात पडलं तर रागावून सोडतात. दाबून ठेवलं तर नोकरी जाते, आणि जायलाच हवी. माझ्याबरोबर लागलेला एक जण तीन पत्रं आळसानं घरी ठेवून निलंबित झाला होता, तेव्हा मीच सगळ्यांत जास्त बोललो होतो. आता मी भल्यासाठी केलं, असं स्वतःला सांगत होतो. रोज सकाळी थैली उचलली की पाठीला ते पाकीट लागायचं. लागत नव्हतं खरं तर, एवढं पातळ होतं. पण मला लागायचं.

अकराव्या दिवशी मी उपकेंद्रासमोरून जात असताना सुजातानं हाक मारली. ओट्यापाशी एक माणूस तिच्या स्कूटीचे टायर दाबून पाहत होता.

"काका, माहं काही पत्र आलं काय? बँकीचं?"

"काहून?"

"ते दुसऱ्या बँकीचं कार्ड हाय ना माह्याजवळ, वापरलंच नाही कधी. वाशीमच्या एका शिस्टरनं सांगतलं का जुन्याचे पैसे त्याच्यावर नेता येते. मी फोन केला तं म्हने पत्र धाडलं हाय, फॉर्म त्याच्यातच हाय. वीस तारखीच्या आत वाशीमच्या शाखेत द्या म्हने."

त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

"नाही आलं," मी म्हणालो.

एकतीस वर्षांत 'नाही आलं' हे मी हजारो वेळा म्हटलं असेन. नोकरीची वाट पाहणाऱ्यांना, राखीची वाट पाहणाऱ्यांना. वाईट वाटायचं, पण ते खरं असायचं. हे पहिलं खोटं.

"मंग जाऊ द्या," ती म्हणाली. "गाडी इकून टाकते. हे भाऊ चाळीस देऊन राह्यले. वरचे कुठूनबी करीन, पन ते कार्ड एकदाचं मिटवते."

"अन् गावं कशी करसान?"

"जीपनं जाईन. जीप नाही तिथं पायी. आईच्या येळेपासून शिस्टर पायीच फिरत होत्या ना."

ती हसून बोलली. पण पाच गावांपैकी दोन गावांना जीप जात नाही हे मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नसेल, त्या रस्त्यांवर माझं आयुष्य गेलं. पावसाळ्यात तिथे अडलेल्या बाईपर्यंत ती पायी कधी पोचणार? ते पाकीट तिला गाडी राखू देईल की गुरुजींसारखं बुडवेल, हे मला माहीत नव्हतं. तरी निर्णय मी घेऊन बसलो होतो.

मी मोटारसायकल स्टँडला लावली, थैलीची चेन उघडली आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

तिनं वरचं नाव पाहिलं नाही. नर्सला सवय असते, औषध हातात आलं की आधी तारीख. तिनं पाकीट उलटं केलं. साध्या टपालावर आता कुणी पोचीचा शिक्का मारत नाही, पण आमचे पोस्टमास्तर जुन्या वळणाचे, सगळ्यांवर मारायचे.

"हे तं आठ तारखीले आलं."

"हो."

"अन् आता नाही म्हनलं तुमी मले."

मी सगळं सांगितलं. गुरुजींचं सांगितलं, माझी भीती सांगितली. ती ऐकत उभी होती. टायर दाबणारा माणूसही ऐकत होता, त्याला जा म्हणायचं भान मला नव्हतं.

"काका," ती म्हणाली, आवाज न चढवता, "तुमी कोन ठरवनारे? दीड वर्ष मी व्याज भरलं, तुमी नाही. बुडीन तं मी बुडीन. माह्या नावाचं पत्र हाय ना ते?"

मी मोटारसायकलकडे वळलो.

"बसा तिथं," ती म्हणाली. "भांडाले येळ नाही आता."

मग मी जे पाहिलं त्यामुळे हा लेख लिहितो आहे. तिनं पाकीट फोडलं आणि मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून ती अक्षरं झाकली. वाचायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून. म्हणाली, औषधाच्या कागदातबी कामाचं तेच असते जे बारीक छापतात. नऊ महिने व्याज नाही. सुरुवातीला एकदाच फी, करासकट बाराशेच्या आसपास. एक हप्ता चुकला की सवलत रद्द. या कार्डावर नवीन खरेदी केली तर तिला पहिल्या दिवसापासून व्याज. नऊ महिन्यांनंतर जे उरेल त्याला नेहमीचं व्याज. मला अकरा दिवस ज्याची धास्ती होती ते तिनं दहा मिनिटांत सुटं केलं.

"महिन्याले अठ्ठावनशे," ती म्हणाली.

मी जरा धीर करून म्हणालो, "ताई, तुमचा पगार तारखेवर कधी होतो? मागच्या खेपेस दोन महिन्यांचा एकदम झाला. एक हप्ता चुकला की संपलं, तुम्हीच वाचलं."

"व्हय. म्हनूनच आरडी मोडते. तुमच्याच पोस्टात हाय, तीन वर्ष झाले. त्याच्यात तीन हप्ते निघतात. ते खात्यात पडून राहतीन. पगार येवो नाहीतर न येवो, हप्ता त्याच्यातून जाईन, अन् पगार आला का मी पुन्हा भरीन."

तिनं एक कोरं लसीकरणाचं कार्ड घेतलं, बाळाला टोचल्याच्या तारखा लिहितात ते. त्याच्या नऊ चौकटींत नऊ तारखा लिहिल्या, प्रत्येक हप्त्याच्या मुदतीच्या पाच दिवस आधीची. माझ्या तोंडावरची शंका तिनं पाहिली असावी.

"काका, तारीख पाळाची मले शिकवू नका. पाच गावच्या लेकराईच्या तारखा माह्या डोक्यात हायेत. एक तरी डोस चुकला काय आजवर?"

चुकला नव्हता. टायर दाबणाऱ्याला तिनं सांगितलं, "भाऊ, गाडी नाही इकनार." तो बिचारा काहीच न कळता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म वाशीमला पोचायला हवा होता. मी म्हणालो, मी रजा टाकतो, मी नेऊन देतो. तिनं पाकीट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या हातात आता नाही देत." दुसरं कुणी बोललं असतं तर मी रागावलो असतो. ती बोलली ते मला पटलं. सकाळी उपकेंद्राची ओपीडी आटोपून ती त्याच स्कूटीवर निघाली आणि शाखा बंद व्हायच्या आधी फॉर्म देऊन आली. खिडकीवरच्या मुलाला तिनं दोनदा विचारलं, की जुन्या कार्डावर मागे काही उरेल काय. उरणार होतं, मधल्या दिवसांचं व्याज. तेही तिनं वेगळं भरलं. चार दिवसांनी मंजुरीचा फोन आला. त्या दिवशी उपकेंद्रातल्या पट्टी कापायच्या कात्रीनं जुन्या कार्डाचे दोन तुकडे झाले. हे मला उपकेंद्राच्या आशा कार्यकर्तीकडून कळलं, तिच्याकडून नाही.

कारण ती माझ्याशी बोलत नव्हती. मी पोस्टमास्तरांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, बाईंची तक्रार असेल तर मला वर कळवावं लागेल, त्यांना विचारून या. मी विचारलं. ती म्हणाली, "तक्रार करून मले काय भेटन? पन यापुढं माहं टपाल मी खिडकीवरून नेत जाईन." आणि तसंच केलं. आठवड्यातून दोनदा ती पोस्टाच्या खिडकीवर यायची, पोस्टमास्तरांच्या हातून टपाल घ्यायची आणि मी आत छाटणी करत बसलेलो असायचो. पत्रं वाटणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा वर कळवूनही झाली नसती. वाईट वाटायचं. रात्री जेवताना बायकोला सांगायचो, ती म्हणायची, बरोबर केलं तिनं.

पण खिडकीवर ती आली की हप्ता भरल्याचंही कळायचं, कारण पोस्टमास्तर न विचारता राहत नसत. तिसरा झाला. चौथ्याच्या वेळेस पगार दीड महिना अडकला, तेव्हा आरडीचे पैसे कामी आले. सातव्याला ती पोस्टमास्तरांना ते लसीकरणाचं कार्ड दाखवत होती, सात चौकटींत सात बरोबरच्या खुणा. नववा झाला त्या दिवशी तिनं खिडकीतून पेढ्यांचा पुडा आत सरकवला. पोस्टमास्तरांनी मला एक दिला. मी तो तिथेच खाल्ला, घरी न्यायचं सुचलं नाही.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. छाटणीत पुन्हा तसंच खिडकीचं पाकीट निघालं, नाव सुजाता तायडे. आणखी तिसरीच कुठली तरी बँक. मी ते उचलून पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवलं, खिडकीसाठी. त्यांनी माझ्याकडे परत सरकवलं.

"त्या परवा सांगून गेल्या," ते म्हणाले. "आता काकांच्या हाती पाठवत जा म्हणाल्या."

मी त्या दिवशी माझा ठरलेला फेरा मोडला. पहिली सहा घरं मागे ठेवली आणि सरळ उपकेंद्रावर गेलो. लसीकरणाचा दिवस होता, ओटा बायकांनी आणि रडणाऱ्या पोरांनी भरलेला. सुजातानं एका बाळाच्या मांडीवर कापूस दाबून धरला होता. मी पाकीट पुढे केलं. तिनं एका हातानं ते घेतलं, उलटं करून शिक्का पाहिला. आजचाच होता. मग दातांनी कड फाडून तिनं तिथेच, उभ्यानं, खालून वरपर्यंत सगळं वाचलं. बायका थांबल्या. मी वळून निघालो होतो.

"काका."

मी थांबलो.

"तुमाले काय वाटते? घ्यावं काय?"

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, "तुम्हाला गरज आहे काय?"

"नाही. कायले पाह्यजे आता?"

"मग काहून विचारता?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पुढच्या बाळाचं कार्ड हातात घेतलं. "इचारून पाह्यलं तुमाले."